खडूच्या रेघेतला माणूस

१८ जून १९६८, मंगळवार. लोणावळा

टायरवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण आज दुपारी मी गॅरेजच्या कोब्यावर प्रेतासारखा पडलो होतो आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

झालं असं, की गॅरेजचे मालक दत्तोबाभाऊ यांनी मला उताणं झोपवलं. हात छातीवर घे म्हणाले, गुडघे जरा वर कर म्हणाले, आणि खडूने माझ्याभोवती रेघ ओढली. खांदे, कंबर, मांड्या, पार टाचांपर्यंत. आमची नवी गाडी या रेघेवर बांधायची आहे. शर्यतीची फॉर्म्युला गाडी म्हणजे एकाच माणसाची, छप्पर नाही, चाकं उघडी, इंजिन पाठीशी. गाडी जितकी अरुंद तितकी वाऱ्यातून सुटते, हे भाऊंचं गणित. म्हणून यंदा ती जुन्या गाडीपेक्षा दोन बोटं अरुंद होणार. आधी माणूस, मग त्याच्याभोवती नळ्या, आणि नळ्यांवर पत्रा.

आमचा वेल्डर बहिरू दारात उभा राहून बघत होता. "दादा, उटा आता," तो म्हणाला. "जित्या मानसानं आसं पडू न्हाई."

मी उठलो. रेघ तिथेच राहिली. भाऊंनी सगळ्यांना बजावलंय, तिच्यावर पाय द्यायचा नाही आणि झाडू मारायचा नाही.

२० जून

आज खरं काय ते लिहून टाकतो. मला ती गाडी चालवायची नाही.

खंडाळ्याच्या घाटात ट्रक-मोटारी कोसळतात, त्या ओढून आणायच्या आणि दुरुस्त करायच्या, यावर आमचं गॅरेज चालतं. ज्यांचे मालक परत येत नाहीत त्या गाड्यांच्या सामानातून भाऊंनी आपली पहिली शर्यतीची गाडी बांधली. इंजिन एका फियाटचं, ब्रेक दुसऱ्या कुणाचे. पहिल्या वर्षी मद्रासच्या शर्यतीत दुसऱ्याच फेरीला गिअरबॉक्स बसला. दुसऱ्या वर्षी तिसरा नंबर आला. त्याचा कप भाऊंच्या टेबलावर आहे, त्यात आम्ही वायसर ठेवतो. तिसरं वर्ष म्हणजे हा फेब्रुवारी.

फेब्रुवारीत वळणावर गाडी घसरली, पेंढ्यांच्या गठ्ठ्यांवर चढली आणि कुशीवर पडली. मला साधं खरचटलंही नाही, हीच तर पंचाईत झाली. हात मोडला असता तर आज मोकळा असतो. गुडघे स्टिअरिंगखाली अडकले होते, खांदे पत्र्यात, आणि कानामागे पेट्रोल टपकत होतं. मला हलता येईना. ओरडताही येईना, कारण छाती फुगवायलाच जागा नव्हती. भाऊ धावत आले. त्यांनी स्टिअरिंगवरची माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला ओढून काढलं.

आणि मग मी काय करावं? माईक घेऊन फिरणारा माणूस पुढे आला आणि मी छाती काढून म्हणालो, "पुढच्या वर्षी पुन्हा येणार!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच तोंडाने स्वतःला दावणीला बांधून घेतलं.

आता नाही कसं म्हणू? बाप गेल्यावर भाऊंनीच मला क्लीनर म्हणून ठेवलं, हाताला धरून गाडी शिकवली, टाकव्याची सोयरीक जमवून माझं लग्न लावून दिलं. गॅरेजमागची खोलीही त्यांचीच. वहिनी गेल्यापासून त्यांना या गाडीशिवाय दुसरं काही नाही. त्यांच्या डब्याचं सरूच बघते. सरू म्हणजे माझी बायको. मी मद्रासहून परत आलो तेव्हा तिने अपघाताचं सगळं आधीच ऐकलं होतं. "भूक लागली आसंल," एवढंच म्हणाली.

३० जून, रविवार

पावसाने उघडीप दिली म्हणून जुनी गाडी घेऊन सोमाटण्याच्या सरळ रस्त्यावर गेलो. नव्या गाडीला हेच इंजिन बसवायचं आहे, तेव्हा एकदा पळवून बघ, असं भाऊ म्हणाले. मी बसलो. तिसरा गिअर पडला आणि पत्रा दोन्ही बाजूंनी आवळतोय असं वाटायला लागलं. मी गाडी कडेला घेतली.

"क्लच घसरतोय," म्हणालो.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गाडी ओढत आणली आणि दिवसभर खोलून बसले. संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "घसरत होता खरा. प्लेट बदलली."

मी थक्कच झालो. क्लचला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. भाऊंचीही नजर आता अधू होत चालली म्हणायची, पंचेचाळिशी उलटली.

७ जुलै

नळ्या कापून, वाकवून झाल्या. बहिरूने चौकट जोडायला घेतली. ती खडूच्या रेघेवरच उभी राहते आहे. खाली मी पडलेला, वर पिंजरा.

खंडाळ्यात बंगला असलेले शेठ, ज्यांच्या जिवावर हा सगळा खेळ चाललाय, ते आज मुंबईचे पाहुणे घेऊन आले. रंगाऱ्याला बसवून त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर माझं नाव लिहून घेतलं. "निवृत्ती, इस साल तिसरा नंबर नाय चलेगा हां. पैला पायजे!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. पाहुण्यांनी माझ्याबरोबर फोटो काढले.

ते गेल्यावर बहिरू चौकटीत डोकावून म्हणाला, "दादा, खाण्यावर ध्यान ठिवा बरं. चार जिलब्या जास्त झाल्या तर आत जायचं न्हाई तुमी."

तो आपला चेष्टेने बोलला. मी मात्र दिवसभर तेच घोळवत बसलो.

१२ जुलै

ठरलं. तोंडाने नाही म्हणता येत नसेल तर पोटाने म्हणू.

स्टेशनजवळच्या दुकानातून चिक्की आणली. शेंगदाण्याची, वर तिळाची. पुलाच्या कठड्याला टेकून सगळी खाल्ली आणि कागद नदीत सोडला. घरी सरूने आखाड तळायला काढला होता. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाच्या गोड पुऱ्या. मी मागून मागून घेतलं. ती वाढत राहिली. बायकांचं बरं असतं. नवरा पोटभर जेवला की त्यांना जग जिंकल्यासारखं वाटतं.

२५ जुलै

टाकव्याहून सासूबाई आल्या. विठाबाई म्हणजे सरळ बोलणं ठाऊक नसलेली बाई, पण आज लोण्यासारख्या मऊ झाल्या होत्या. सोबत कडीचा डबा भरून तूप, आणि इंद्रायणीकाठचा तांदूळ.

"जावाय, लय वाळला तुमी," म्हणाल्या.

मी वाळलो? या पंधरवड्यात माझ्या विजारीची दोन बटणं तुटली. मी काही बोलायच्या आत सरूने विजारीची शिवण उसवून कंबर सैल केली होती. आईला म्हणाली, "दर आठ दिसाला धाडत जा तूप. हिकडं लागतंय."

बहिरू सांगत होता, की परवा सरू डबा द्यायला आली तेव्हा चौकटीपाशी बराच वेळ उभी होती. "वैनींनी सुतळीनं शिटाची रुंदी मोजली, दादा. मला म्हनल्या, ही जागा आता वाढायची न्हाई ना? मी म्हनलं, न्हाई, नळी पक्की झाली." नळावरच्या बायकांना सांगायला काहीतरी हवं असेल तिला. नवऱ्याची गाडी म्हणजे मिरवायची वस्तू.

मनातून वाईट वाटलं. ती तिकडे मिरवणार आणि मी इकडे पोट सुटायची वाट बघत बसणार.

३ ऑगस्ट

दत्तोबाभाऊंना देव आठवला! श्रावण धरलाय, एकभुक्त. हाच माणूस एकादशीला मटण खाऊन वर ढेकर द्यायचा. भाऊ खोलीत यायचे तेव्हा आधी पोट यायचं आणि मागून भाऊ. आता म्हणतात, चातुर्मास पाळणार, नवरात्रही उठता-बसता करणार.

"पित्त वाढलंय," असं त्यांनी मला सांगितलं. बहिरूला म्हणाले, नवस आहे. मी म्हटलं, काहीतरी एक ठरवा. तर हसले.

दुपारी डबा उघडतात आणि आपल्यातली चपाती माझ्या ताटलीत सरकवतात. "तू घे. तुला लागतं." मीही घेतो. माझ्या कामाचीच गोष्ट आहे. कधी कधी वाटतं, मी आतून किती हलकट झालोय. ज्या माणसाची गाडी बुडवायला निघालोय त्याच्याच डब्यातलं खातोय.

१९ ऑगस्ट

आज वाईट झालं.

धुकं इतकं, की गॅरेजच्या दारातून रस्ता दिसत नव्हता. गिऱ्हाईक नाही. भाऊ पुण्याला गेलेले, बहिरू चहाला. म्हटलं बघू तरी, किती फरक पडला. चौकटीत पाय घातले आणि सरकलो.

बसलो मी. अजूनही बसलो! पोट दाबलं गेलं, मांड्यांना नळ्या रुतल्या, पण बसलो. म्हणजे एवढी चिक्की, एवढं तूप सगळं फुकट. बाहेर यायला गेलो तर येता येईना. कंबर धरून ठेवलेली. दोन्ही हातांनी नळ्या धरून जोर केला, छाती भरून आली, आणि कानामागे पुन्हा तेच टपकणं ऐकू यायला लागलं. गॅरेजचं छप्पर गळत होतं, एवढंच. पण मला कळत असूनही कळत नव्हतं. मी ओरडलो नाही. फेब्रुवारीतही नाही ओरडलो. ओरडायचं कसं असतं तेच मी विसरलोय बहुतेक.

बहिरूने येऊन काखेत हात घालून मला ओढलं. माझा सदरा भिजला होता.

"माप बघत होतो," मी म्हणालो.

"बरं," बहिरू म्हणाला. एरवी चेष्टा केली असती, आज आपला कोरडा सदरा आणून दिला.

२८ ऑगस्ट

मोदक. मोजले नाहीत.

६ सप्टेंबर

आज मनाचा हिय्या केला. भाऊंना सगळं सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे. जास्तीत जास्त हाकलून देतील. सरूला घेऊन टाकव्याला जाईन, भातखाचरात राबेन.

गॅरेजमध्ये गेलो तर भाऊ दिसेनात. पाहतो तर बहिरूने चौकट बाजूला ओढलेली, आणि भाऊ कोब्यावर, माझ्या खडूच्या रेघेत उताणे पडलेले. हात छातीवर, डोळे मिटलेले. खांद्यांपाशी रेघ दिसत होती, कंबरेपाशी जराशी झाकली होती.

मी धावत पुढे गेलो. "भाऊ!"

त्यांनी डोळे उघडले. "काही नाही रे. पाठ धरली होती. कोबा गार आहे, बरं वाटतं."

उपासाने माणूस पार उतरला आहे. गालफडं बसलीत, कोपरं टोचतील अशी. अशा दमलेल्या माणसाला काय सांगायचं? न सांगताच परत आलो. सरूने ताट वाढून ठेवलं होतं. तूप भातावरून ओघळून ताटाच्या कडेला आलं होतं. भूक नव्हती तरी जेवलो.

२३ सप्टेंबर

घट बसले. भाऊ फक्त दूध आणि एक केळं. पत्रा बसवला, नाव असलेला तुकडाही. शेठ म्हणतात खंडेनवमीला पूजेला येणार.

३० सप्टेंबर, सोमवार. खंडेनवमी

सगळं नीट आठवून लिहितो.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाने, जॅक, हातोडे, वेल्डिंगचा मुखवटा, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, झेंडू वाहायचा. भाऊंनी त्यात आपली एक रीत घातली आहे. ड्रायव्हरला गाडीत बसवायचं आणि गाडीबरोबर त्यालाही ओवाळायचं. पहिल्या वर्षी मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता! यंदा मनात आलं, की मीही पाटावरच्या सामानातलाच एक.

सकाळी जाऊन पाहतो तो कोबा लख्ख. सरूने पहाटेच सगळी जमीन घासून धुतली होती आणि वर रांगोळी काढली होती. खडूची रेघ गेली. मी भाऊंकडे पाहिलं. वाटलं, आता चिडणार. ते रांगोळी ओलांडून हत्यारं मांडायला गेले.

शेठ नारळ घेऊन आले. बहिरू, सासूबाई, शेजारचे चहावाले, सगळे गोळा. सरू ताम्हण घेऊन उभी. "चढ," भाऊ म्हणाले.

मी पाय घातले. सरकलो. आणि मांड्यांपाशी अडकलो. चौकटीत बसत होतो, पण पत्र्याने आतून बोटभर जागा खाल्ली होती. जोर लावला. कोपरं बाहेर, ढुंगण अधांतरी. चहावाला फिसकन हसला. शेठच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"ये क्या है? खा खा के रेडा झाला! कापा, गाडी रुंद करा."

"कापलेली चौकट कच्ची," भाऊ म्हणाले. "वळणावर मोडेल. कच्च्या गाडीत मी कुणाला बसवणार नाही."

"मग कोण बसणार? नाव भरलेलं आहे आपलं!"

भाऊंनी टोपी काढून बहिरूकडे दिली. कोट काढला. आत बनियन ढगळ लोंबत होतं. एक पाय आत, दुसरा पाय आत, आणि म्यानात तलवार जावी तसे खांद्यांपर्यंत उतरले. स्टिअरिंगवर हात ठेवले.

"मी," म्हणाले. "मुंबईला असताना जुहूच्या शर्यतीत पळवलीय मी. निवृत्ती, पट्टा आवळ."

मी वाकून पट्टा आवळला. हाताला त्यांची हाडं लागली. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं नाही. सरूने पुढे येऊन त्यांना ओवाळलं आणि वाकून नमस्कार केला.

मी सुटलो! डोक्यावरचा हारा उतरवावा तसं वाटलं. लोक पांगल्यावर डबे धुवायला बसलो, आणि भाऊंचा डबा हातात आला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पित्त नव्हतं, नवस नव्हता. श्रावणापासून माझ्या ताटलीत सरकलेली एकेक चपाती आठवली. त्यांनी ती क्लचची प्लेट कधी बदललीच नव्हती. मी नळाखाली तसाच बसून राहिलो आणि रडलो. सरू आत काहीतरी चाळत होती. तिला यातलं काय कळणार!

१७ नोव्हेंबर

भाऊ रोज सकाळी खंडाळ्यापर्यंत पळत जाऊन येतात. मी सायकलवर मागे असतो. एकदा म्हणालो, "भाऊ, मी बारीक होतो. अजून वेळ आहे." ते थांबले, धापा टाकत म्हणाले, "माझं माप बसलंय. आता तू त्यात येऊ नकोस." पुढे बोलायची सोय ठेवली नाही. पूर्वी पिंजऱ्यात मी होतो. आता बाहेर उभा राहून गज धरून आहे, आणि हे जास्त जड जातंय.

९ फेब्रुवारी १९६९, रविवार. मद्रास

शोलावरमची धावपट्टी, ऊन मी म्हणतंय. भाऊंच्या गाडीवर माझंच नाव, शेठने बदललं नाही. मी फेऱ्यांच्या पाट्या दाखवायला कडेला उभा होतो. प्रत्येक फेरीला त्या वळणापाशी गाडी दिसेनाशी होई आणि माझी छाती बंद पडे. मग ती पुन्हा दिसे. अरुंद, खाली दबलेली, वाऱ्यातून खरंच सुटणारी. भाऊंचं गणित बरोबर होतं.

पाचवा नंबर आला. गिअरबॉक्स शाबूत, ब्रेक शाबूत, माणूस शाबूत.

गाडी थांबली तरी भाऊ बाहेर येईनात. मी धावत गेलो. समोर बघत बसले होते. ओठ पांढरे. स्टिअरिंगवरची बोटं सुटत नव्हती. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. त्यांनी मला सोडवू दिली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात माईकवाला आला. मी नको नको म्हणून हात करेपर्यंत भाऊ ताठ झाले, आणि छाती काढून म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा येणार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त शेठनी.

१२ फेब्रुवारी. लोणावळा

घरी पोचलो. शेठची चिठ्ठी आमच्या आधी आलेली, की पुढच्या वर्षी ड्रायव्हर दत्तोबाच, गाडी तीच. भाऊंनी वाचली आणि खिशात ठेवली. भाऊंना आता शेठपुढे नाही कसं म्हणता येईल ते मला बरोबर माहीत आहे. म्हणजे म्हणता येणार नाही.

सरूने आज भाऊंना डबा दिला नाही. म्हणाली, "हितंच बसा. आता रोज हितंच जेवायचं, डब्यात अन्न निवतं." आम्ही दोघे पाटावर बसलो. मला भाकरी, पिठलं आणि कांदा. तुपाचं नाव नाही. सासूबाईंची म्हैस आटली असेल असं वाटलं. तर सरू कडीचा डबा घेऊन आली आणि भाऊंच्या भातावर तूप ओतायला लागली. भाऊंनी पानावर आडवा हात धरला.

सरूने तो हात बाजूला केला. "घ्या, भाऊ," म्हणाली. "अजून लय दिस हाईत."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग मान खाली घालून मुकाट्याने भात कालवायला लागले, आणि मला वाटतं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कशाला लय दिस आहेत, ते काही तिने सांगितलं नाही. हिची भाऊंवर एवढी माया कधीपासून बसली, एकदा विचारायला हवं.